पाऊण तासाची खुर्ची

"मॅडम, एवढी आरामशीर खुर्ची नकोय आपल्याला."

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये, छतापर्यंत खुर्च्या रचलेल्या एका गाळ्यात, मी एका हातवाल्या, जाड गादीच्या खुर्चीत मस्त रेलून भाच्याला "हीच घे रे" म्हणत होते, तेव्हा त्याच्या कॅफेची इंटिरिअर डिझायनर हे म्हणाली. पंचविशीतली मुलगी, हातात मोजपट्टी, कानाला पेन्सिल खोचलेली. मला वाटलं, बजेटचा प्रश्न असेल. तर नाही. "यात बसलेला माणूस दोन तास हलत नाही. आपल्याला गिऱ्हाईक पाऊण तासात उठायला हवंय." भाचा मान डोलावत होता. नाशिकला गंगापूर रोडवर त्याने गाळा घेतलाय, त्याचं भाडं ऐकून माझी बहीण रात्रभर झोपली नव्हती. मग त्या मुलीने मला सगळं नीट समजावून सांगितलं. दोघांच्या टेबलाला कडक बैठकीच्या खुर्च्या. भिंतीलगत लांबलचक सोफा, कारण पाच-सहा जणांचं टोळकं आलं की बिल मोठं होतं, त्यांना खुशाल बसू द्यायचं. एकटा लॅपटॉपवाला आला तर त्याच्यासाठी काचेलगत उंच स्टुलं. साध्या खुर्चीची बैठक जमिनीपासून 18 इंचांवर असते, या स्टुलाची 30 इंचांवर; पाय कड्यावर टेकवावे लागतात, पाठीला आधार नाही, एक कॅपुचिनो संपेपर्यंत कंबर आपोआप सांगते, चला. चार्जिंगचे पॉइंटही मोजकेच, तेही सोफ्याकडे. इतक्या सरळपणे सांगत होती की राग यायची सोयच नव्हती. उलट हिशोब मला पटला. एका खुर्चीवर दिवसाकाठी किती गिऱ्हाइकं बसून उठतात यावरच तर भाडं निघतं. पण परत येताना कसारा घाटात भाचा गाडी चालवत होता, गाणी लावली होती, आणि माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

मऊ खुर्ची नाकारली जाते ती मऊ आहे म्हणून. किमतीसाठी नाही.

शेवटी घेतल्या त्या पत्र्याच्या खुर्च्या. तुम्ही पाहिल्याच असतील, गेल्या दहा-पंधरा वर्षांत निघालेल्या निम्म्या कॅफेंत त्याच आहेत: वाकवलेल्या पत्र्याच्या, पाठीला मध्ये एक रुंद पट्टी, रंग काळा, पिवळा नाहीतर मुद्दाम गंजल्यासारखा. मूळ खुर्ची फ्रान्समधली, झाव्हिए पोशार नावाच्या कारागिराने 1934 साली काढलेली. तो जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची कामं करायचा, त्यामुळे खुर्ची पावसात बाहेर पडली तरी गंजत नसे. बैठकीला भोकं पाडलेली असतात, पाणी निथळून जावं म्हणून. आमच्या नाशिकच्या खुर्च्यांनाही ती भोकं आहेत. एसी लावलेल्या, चारी बाजूंनी बंद गाळ्यात त्या भोकांतून काय निथळणार ते देव जाणे. मी दुकानदाराला विचारलं, भोकं कशाला हो? म्हणाला, "डिझाइन आहे."

आता कुणी म्हणेल, पूर्वी असं नव्हतं, इराण्याकडे कसं तासन् तास बसता यायचं. पुण्यात डेक्कनला गुडलकमध्ये (1935 पासूनचं आहे ते) मीही कॉलेजात असताना बन मस्का आणि चहावर दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत, त्यामुळे हा उमाळा मलाही येतो. पण जरा आठवून बघा. इराण्याची खुर्ची कुठे मऊ होती? वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, कमानीसारख्या पाठीची. हिचा मूळपुरुष व्हिएन्नातला, मिखाएल टोनेट. त्याने बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवलं आणि 1859 साली चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात मावायच्या, म्हणजे जहाजातून दूरदेशी पाठवायला सोन्यासारखा माल. ती बनवलीच होती कॅफेंसाठी: हलकी, स्वस्त, पडली तरी न मोडणारी, पोऱ्याला एका हाताने उचलून टेबलावर उलटी ठेवता येईल अशी. त्याच जातीच्या खुर्च्या युरोपातून मुंबईला आल्या आणि कयानी (1904), ब्रिटानिया (1923) यांच्या पिढीच्या इराण्यांकडे संगमरवरी टेबलांभोवती लागल्या. आराम हा त्यांचा गुण नव्हताच कधी.

आणि इराण्याला तरी आम्ही बसलेलो कुठे आवडत होतो? भिंतीवर आरसे लावलेले असायचे ते शोभेसाठी नव्हेत, गल्ल्यावरून सगळी टेबलं दिसावीत म्हणून. आणि पाट्या! उगाच बसू नये. केस विंचरू नयेत. पाय वर घेऊ नयेत. मोठ्याने बोलू नये. गल्ल्यावरच्या शेठला काहीही विचारू नये. पाऊण तासाची अपेक्षा त्यालाही होती, पण तो ती पाटीवर लिहून सांगायचा, आणि लिहून सांगितलेली गोष्ट आपण हसत हसत धाब्यावर बसवू शकतो. आणखी एक चहा मागवला की पाटीचा राग शांत व्हायचा. पत्र्याच्या खुर्चीशी अशी तडजोड होत नाही. दुसरी कॉफी मागवली म्हणून स्टुलाला पाठ फुटत नाही. इतकंच नाही, तर उठताना आपल्याला वाटतं की आपलीच कंबर धरली, वय झालं. आपल्याला कुणी उठवलं असं कधी वाटतच नाही. त्या मुलीचं खरं कसब आहे ते हे, आणि मला ते थोडं आवडतं आणि बरंचसं आवडत नाही.

त्या कॅफेत आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल मला लिहायचंच होतं. काउंटरच्या दर्शनी भागाला वेताची जाळी लावली आहे. सध्या हे सगळीकडे आहे. हॉटेलं, बुटिक, सलून, मोठ्या ऑफिसांचं रिसेप्शन, जिकडे बघावं तिकडे वेत. कपाटांच्या दारांना वेत, दिव्यांना वेत, पार्टिशनला वेत. मशिनवर विणलेली जाळी गुंडाळीत मिळते, फुटावर कापून घ्यायची, चौकटीच्या खोबणीत दाबून फेव्हिकॉलने बसवायची, झालं. सुताराने आमच्यासमोर एका दुपारात पूर्ण काउंटर मढवला. राजस्थानातला माणूस, पण मराठी आपल्याहून चांगलं. मी म्हटलं, "भाऊ, वेत बसायच्या जागी असायचा." तो हसला, म्हणाला, "ताई, आता बसायच्या जागी रेक्झिन, बघायच्या जागी वेत."

बाबा सरकारी कचेरीत होते. मे महिन्यात त्यांच्याबरोबर जायचा मला नाद होता, कारण कचेरीच्या मागच्या व्हरांड्यात एक आंधळे गृहस्थ खुर्च्या विणायला यायचे. अंधशाळांमधून तेव्हा हे काम शिकवत. त्यांच्या शेजारी पाण्याची बादली, तीत वेताच्या सालीच्या पट्ट्या भिजत घातलेल्या. भिजलेल्या वेताला एक ओला, गवती, किंचित आंबूस वास असतो, तो मला आजही ओळखू येईल. खुर्चीच्या चौकटीला भोवताली भोकं असत. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरक्या, की मधली चौकोनी भोकं अष्टकोनी होत. प्रत्येक भोकात पट्टी ओढली की सुटू नये म्हणून लाकडाची बारीक खुंटी ठोकायची, पुढच्या भोकाकडे जाताना ती काढून घ्यायची. हे सगळं अंगठ्याच्या पेराने चाचपत. ओला वेत वाळताना आक्रसतो, त्यामुळे आज सैल वाटणारी बैठक उद्या ताशासारखी वाजते. ते ताण बघायला बैठकीवर टिचकी मारत आणि कान देत. एकदा फाटलेली बैठक कापून काढण्याआधी त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "हे साहेब उजवीकडे कलून बसतात. फोन त्या बाजूला असणार." आणि होताच. पुढे कचेरीत गादीच्या खुर्च्या आल्या, मग रेक्झिनच्या, मग चाकांच्या, आणि साहेबलोक पाठीला घाम येतो म्हणून खुर्चीवर टर्किशचा टॉवेल टाकायला लागले. वेताच्या जाळीतून हवा खेळायची, ही गोष्ट कुणाच्या लक्षातच राहिली नव्हती.

म्हणजे अगदीच राहिली नव्हती असं नाही. अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्ची करायला घेतली होती. दिवसभर फोमच्या गादीत बसून त्यांच्या अंगाला उष्णता आणि चट्टे येत. ती खुर्ची बाजारात आली नाही, पण त्यांनी फोम टाकून ताणलेली जाळी वापरायची कल्पना सोडली नाही, आणि 1994 साली हर्मन मिलर कंपनीने त्यांची एरॉन ही खुर्ची काढली. आज पुण्यात खराडीपासून हिंजवडीपर्यंत ऑफिसांत काळ्या जाळीच्या ज्या खुर्च्या दिसतात त्या बहुतेक तिच्याच गरीब नातलग. आमच्या ऑफिसातली तिसरी-चौथी पिढी असेल, बसल्यावर कुरकुरते. पण तिच्यात बसलं की पाठीला हवा लागते, आणि मला व्हरांडा आठवतो. वेताचा खरा वारस ती काळी नायलॉनची खुर्ची आहे. काउंटरवरचा वेत हा नुसता फोटो.

फरशीचंही तेच. कॅफेत "टेराझो" लावायचं ठरलं तेव्हा बहिणीला वाटलं काहीतरी इटालियन नवं प्रकरण आहे. बघितल्यावर म्हणाली, "अगं, ही तर आपल्या जुन्या वाड्यावरच्या मजल्याची मोझाइक!" मुंबईत भारत टाइल्स ही कंपनी 1922 सालापासून सिमेंटच्या फरश्या करतेय, कितीतरी जुन्या इमारतींतून तिचा माल पायाखाली आहे. मोझाइकमध्ये सिमेंटात संगमरवराच्या कचऱ्या मिसळायच्या, वाळल्यावर पाणी सोडून मशिनने घासायचं. प्रत्येक कचरी कुठे कशी कापली जाईल ते कुणाच्या हातात नाही. भाच्याकडे लागल्यात त्या मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यांच्यावर मोझाइकचं चित्र छापलेलं. चांगल्या दिसतात, पुसायला सोप्या. फक्त दाराशी उभं राहून खाली बघत बसलं की काही टाइल्सनंतर तीच लालसर, त्रिकोणी कचरी पुन्हा दिसते. मग पुन्हा. एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. (कॉफी यायला वेळ लागला की हा उद्योग करावा.)

जुन्याची हौस वाईट असं मला म्हणायचं नाही. चंदीगडचंच बघा. शहर उभं राहत असताना पिएर जॅनरे, म्हणजे त्या शहराची आखणी करणाऱ्या वास्तुकाराचा, ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, याने तिथल्या कचेऱ्या, कोर्टं, कॉलेजं यांच्यासाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या, इंग्रजी व्ही उलटा केल्यासारख्या पायांच्या. हजारोंनी बनल्या. पुढे मोडक्या म्हणून गच्चीवर, आवारात ढीग लागले, भंगाराच्या भावाने लिलाव झाले, परदेशी व्यापाऱ्यांनी उचलल्या, डागडुजी करून युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखांत विकल्या. 2011 साली गृहमंत्रालयाने हा वारसा विकायला बंदी घातली, तोवर बराच माल गेला होता. आणि आता त्याच खुर्चीच्या नकला आपल्याकडच्या महागड्या कॅफेंत आहेत. कारकुनासाठी केलेली खुर्ची, जी कारकुनाला नकोशी झाली, ती परदेश फिरून आल्यावर आम्हाला हवीशी झाली. पण एक कबूल करायला हवं: ती खुर्ची खरोखर बसण्यासाठी आहे. नकलेतही. बैठक मागे जराशी उतरती, हात रुंद, पाठ वेताची. भाच्याने दोन घ्याव्यात म्हणून मी बरीच डोकेफोड केली. डिझायनर म्हणाली, हातवाल्या खुर्च्या टेबलाखाली जात नाहीत, दोन खुर्च्यांमागे एक सीट जाते.

कॅफेच्या उद्घाटनाला आई आली होती. सत्त्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. नातवाचं कौतुक करत, सगळीकडे हात लावून बघत, "छान रे, छान" करत शेवटी बसायची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला. स्टुलावर चढणं अशक्य. सोफा इतका खोल आणि बुटका की बसल्यावर उठायला दोन माणसं लागली असती. पत्र्याच्या खुर्चीत बसली, पण उठताना हाताला धरायला काही नाही. टेबलावर जोर दिला तर टेबल एकाच खांबाचं, ते कलंडलं, पाण्याचा ग्लास गेला. वय झालेल्या माणसाला उठताना लागतात ते खुर्चीचे हात. बैठक कितीही मऊ असो, हात नसतील तर ती खुर्ची त्याच्यासाठी नाही. गेल्या वर्षी आमच्या बँकेच्या शाखेचं नूतनीकरण झालं, तिथेही हेच. पूर्वी सागवानी बाकडी होती, लांब, हातांची, पेन्शनवाले एकमेकांना सरकून जागा देत. आता स्टीलच्या भोकाभोकाच्या, एकत्र जोडलेल्या खुर्च्या, बैठक घसरती, कुणीही फार वेळ बसत नाही. बहुधा तोच उद्देश असावा. छत उघडं ठेवून एसीच्या नळ्या काळ्या रंगवल्या आहेत, त्यामुळे टोकन नंबर पुकारला की तो आवाज चारी भिंतींवर आपटून येतो आणि ज्यांना कमी ऐकू येतं ते एकमेकांना विचारत राहतात, कुठला म्हणाली?

भाच्यावर मी चिडले नाही. तोही कुणाच्या तरी हिशोबात बसलाय. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने घरून आजीची जुनी, हातांची खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली, आणि आता गंमत अशी की लोक तिच्यासाठी थांबतात, फोटो काढतात. डिझायनरने तिला "स्टेटमेंट पीस" म्हटलं म्हणे.

आणि कॅफेतून लोकांना उठवतायत ते कुठे जातायत, तर ऑफिसात, जे आता कॅफेसारखं केलंय. आमच्याकडे कोविडनंतर रंगरंगोटी झाली. सोफे आले, गालिचे आले, घरच्यासारखे उभे दिवे आले, भिंतीवर न वाढणारं शेवाळ आलं. एक झोपाळाही आहे, पितळी कड्यांचा, अगदी कोकणातल्या ओटीवर असतो तसा. त्यावर कुणी बसत नाही, कारण तो साहेबांच्या काचेच्या केबिनसमोर आहे. एवढं सगळं आलं आणि एक गेलं: आपली जागा. टेबलं माणसांपेक्षा कमी, ज्याने त्याने सकाळी ॲपवर जागा पकडायची, संध्याकाळी टेबल रिकामं करून सामान लॉकरमध्ये. माझ्या खणात बारा वर्षांचं सामान होतं; सुपारीची डबी, बाम, देवीचा फोटो, न लागणारी किल्ली. रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाने 1960 च्या दशकात ऑफिसातल्या माणसाला हालचालीला मोकळी, आपल्या मर्जीने मांडता येईल अशी जागा मिळावी म्हणून फर्निचर आखलं होतं. कंपन्यांनी त्यातल्या पार्टिशनांचे चौकोनी खुराडे केले, आणि म्हातारपणी तोच या प्रकाराला वेडेपणा म्हणत राहिला. त्या खुराड्यांना आम्ही किती नावं ठेवली! आता वाटतं, खुराड्यात निदान कॅलेंडर टांगता येत होतं.

पण आपली माणसं ती आपली माणसं. ॲप आल्यावर महिन्याभरात खिडकीजवळच्या खुर्च्यांवर सकाळीच ओढण्या, जॅकेटं, डबे दिसायला लागले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली आमची पिढी, आम्हाला ॲप काय सांगणार? मॅनेजरबाईंचा तर मोरपंखी रुमालच होता, दूरवरून ओळखू यायचा. मग ॲडमिनची मेल आली. खुर्चीवर वैयक्तिक वस्तू ठेवून जागा अडवू नये. दोन तास जागेवर नसल्यास बुकिंग रद्द समजावे. सोफ्यावर झोपू नये. फोनवर मोठ्याने बोलू नये. झोपाळ्यावर एका वेळी दोघांनीच बसावे. वाचता वाचता मला हसू फुटलं. इराण्याची पाटीच की ही, फक्त सहीच्या जागी कंपनीचा लोगो. आणि खरं सांगते, बरंही वाटलं. लिहून सांगितलंय, म्हणजे वाद घालता येईल.

झालंही तसंच. ॲडमिनचा मुलगा रोज सकाळी फेरी मारून रुमाल, ओढण्या गोळा करतो आणि रिसेप्शनच्या टोपलीत ठेवतो. चहाच्या सुट्टीत ज्याचा त्याचा माणूस येऊन आपापला उचलून नेतो, आणि परत खुर्चीवर टाकतो. मोरपंखी रुमाल मात्र त्याने आजवर उचललेला नाही.